चौतीस युनिटांचे घर

आदरणीय ताई,
मी बडोद्यात, वाडी भागातल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. वय ५३, एका खासगी कंपनीत हिशेबनीस आहे. गेल्या नोव्हेंबरपासून पत्नी वेगळी राहते. निर्णय दोघांचा आहे आणि कागदपत्रे वकिलांकडे आहेत. मुलगी पुण्यात शिकते. तिची फी, वसतिगृह आणि पत्नीला द्यायची ठरलेली रक्कम वजा जाता हाती फार थोडे उरते. साडेसहाला घरी आल्यापासून झोपेपर्यंतचे चार-पाच तास खायला उठतात. क्लब, जिम, सिनेमा परवडत नाही, आणि बाहेर कुणी ओळखीचे भेटले की चौकश्या सुरू होतात. इमारतीत मी ‘ती माहेरी गेली आहे’ एवढेच सांगितले आहे. मोबाइलवर मालिका पाहून डोळे दुखतात. घरबसल्या, एकट्याने, कमी खर्चात करण्यासारखे काही सुचवाल का? चित्रकला, गिटार, जर्मन भाषा अशी यादी केली आहे, पण सुरुवात होत नाही. काटकसर मला जमते. या वेळी एप्रिल-मेचे विजेचे बिल अवघे ३४ युनिटांचे आले, तेवढेच समाधान.
– एक वाचक, बडोदे

भाऊ,

तुमची यादी मी वाचली आणि बाजूला ठेवली. चित्रकला, गिटार आणि जर्मन या तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण त्यांतली एकही तुम्ही करणार नाही, आणि हे तुम्हालाही ठाऊक असल्यामुळेच सुरुवात होत नाही. माझी नजर खिळली ती तुमच्या शेवटच्या वाक्यावर. तुम्ही हिशेबनीस आहात, तेव्हा आपण दोघे मिळून त्या बिलाचा एकदा हिशेब करू.

बडोद्याचा एप्रिल आणि मे मी अनेक वर्षे सोसलेला आहे, त्यामुळे रात्री पंखा लावल्याशिवाय तिथे कुणाचा डोळा लागत नाही हे मला सांगायला नको. जुना छताचा पंखा ७५ वॉटचा धरला आणि तो रात्री सात तास फिरला, तर साठ दिवसांचे साडेएकतीस युनिट होतात. चौतीसातून ते वजा केले की अडीच युनिट उरतात. नऊ वॉटचा एक दिवा रोज तीन तास जळला तर त्यातले दीड युनिटाहून थोडे अधिक जाते, आणि जे राहते ते मोबाइल चार्ज करण्यापुरते आहे. हिशेब इथेच संपतो. कपडे धुण्याचे यंत्र, टीव्ही, मिक्सर यांतले काहीही त्यात बसत नाही. मुख्य म्हणजे फ्रीज बसत नाही, कारण लहानातला लहान आणि कितीही काटकसरी म्हटला तरी तो दोन महिन्यांत वीस-तीस युनिट खातोच.

म्हणजे भाऊ, तुम्ही फ्रीज बंद करून ठेवला आहे. ऐन वैशाखात, घरात माणूस राहत असताना.

पत्रात तुम्ही हे लिहिले नाहीत, कारण तुमच्या लेखी ती बचत आहे. माझ्या लेखी तुमच्या पत्रातली खरी बातमी तेवढीच आहे. फ्रीज बंद असलेल्या घरात दूध टिकत नाही, कोथिंबिरीची जुडी टिकत नाही, सकाळची आमटी रात्रीपर्यंत राहत नाही, आणि म्हणून त्या घरात उद्यासाठी काहीच ठेवले जात नाही. तुम्ही जेवता काय, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण माझा तर्क असा की कामावरून येता येता कुठेतरी उभ्या उभ्या सेव-उसळ खायची, नाहीतर कागदात काही बांधून आणायचे, ते मोबाइलकडे बघत संपवायचे, आणि मग एकच दिवा लावून आतल्या खोलीत पडून राहायचे, असा तुमचा क्रम असावा. रोज बाहेरचे खाण्याला महिन्याचे किती पडतात ते तुमच्या वहीत असेलच. त्याशेजारी फ्रीजचे पंधरा युनिट मांडा आणि बिलावर छापलेल्या दराने गुणा. तुमची काटकसर किती रुपयांना पडते आहे, ते तुम्हाला माझ्याआधी कळेल.

संसार का मोडला, कुणाचे किती चुकले, याविषयी मी एक शब्दही लिहिणार नाही. तुम्ही विचारलेले नाही आणि मला त्यात रसही नाही. इतकेच विचारते, की तुमच्या घरात इतकी वर्षे रोज रात्री दही कोण लावत होते? तुम्ही नक्कीच नाही. सकाळी ताटात दही आहे म्हणजे रात्री झोपण्यापूर्वी कुणीतरी दूध तापवले, निववले, विरजले आणि झाकले, ही गोष्ट पुरुषांच्या ध्यानात बहुधा दही बंद झाल्यावरच येते. तुमच्याही ध्यानात ती अजून आली नसावी, नाहीतर तुम्ही मला गिटारविषयी विचारले नसते.

तेव्हा माझे सांगणे एवढेच की रोज रात्री दही लावा.

हसू नका. आधी फ्रीज. तो नोव्हेंबर-डिसेंबरपासून दार मिटून बंद असेल, तर उघडताच कोंदट वास येईल आणि दाराच्या रबरी पट्टीच्या घड्यांमध्ये बुरशीचे काळे ठिपके दिसतील. पहिली संध्याकाळ त्यातच जाऊ द्या. कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून, जुन्या बनियनचे फडके करून, खण बाहेर काढून आत-बाहेर पुसा. रबराच्या घड्या बोटाने उलगडून आतून पुसाव्या लागतात. भाजीच्या खणाखाली वाळून कोळ झालेली एखादी मिरची, नाहीतर तिच्या हातची कसली बाटली सापडेल. ती टाकायची की ठेवायची हे तुमचे तुम्ही ठरवा, पण पुन्हा आत ठेवून दार लावू नका. रात्रभर दार उघडे राहू द्या, सकाळी फ्रीज सुरू करा आणि संध्याकाळी येताना अर्धा लिटर दुधाची पिशवी आणा.

आता विरजण. ते विकत आणायचे नाही. दुकानात दह्याचे डबे मिळतात हे मलाही ठाऊक आहे. मिरचीची देठे कोमट दुधात टाकली तरी दही लागते, हेही तुम्हाला मोबाइलवर दोन मिनिटांत सापडेल, आणि ते खोटे नाही. तरीही या दोन्ही वाटा मी तुम्हाला मुद्दाम बंद करते आहे. तुम्ही शेजारचे दार वाजवायचे आणि चमचाभर विरजण मागायचे, ते तिथूनच एखाद्या वाटीत मिळेल. शेजारी गुजराती असतील तर ‘मेळवण’ म्हणा. आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात दिवेलागणीनंतर मीठ मागायला कुणी जात नसे, पण विरजण मागायला रात्री दहालाही जात असत आणि त्यात कमीपणा नसे, कारण कधी ना कधी प्रत्येकाच्या घरचे विरजण संपतेच. एका हिवाळ्यात आमच्याकडचे दही सलग तीन दिवस बिघडले, तेव्हा आई तीन दिवस तीन वेगवेगळ्या दारांत उभी राहिली होती. चौथ्या दिवशी तिने भांडे शालीत गुंडाळून डाळीच्या डब्यात ठेवले आणि दही लागले. मात्र त्या तीन दिवसांत वाड्यातल्या सगळ्या बातम्या आमच्या घरी येऊन पोचल्या होत्या.

शेजारीण विचारील, ‘भाभी अजून आल्या नाहीत का?’ मला माहीत आहे, तुम्हाला याच प्रश्नाचे भय आहे, आणि याच भयाने तुम्ही संध्याकाळी एका दिव्यावर राहता. तिला सांगा की आम्ही वेगळे झालो आहोत. एवढे एकच वाक्य, जिन्यावर नाही, तिच्या दारात, वाटी हातात धरून. हातात वाटी असलेल्या माणसाला फार वेळ कुणी उलटतपासणीला उभे करत नाही. शिवाय तुम्ही हे लपवता आहात ते कुठे? ज्या बडोदे संस्थानाने हिंदूंना घटस्फोटाची मुभा देणारा कायदा १९३१ साली केला, त्या गावात. देशपातळीवरचा हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे. सयाजीराव महाराजांच्या राज्यात जी गोष्ट कायद्याच्या पुस्तकात उघडपणे छापली गेली होती, ती नव्वद वर्षांनंतर तुम्ही वाडीतल्या एका जिन्यावर ‘माहेरी गेली आहे’ म्हणून झाकता, आणि तीही सात महिने. इमारतीतल्यांना तसेही कळलेले आहे. माहेरपण इतके लांबत नाही, हे बायकांना मोजता येते.

आता कृती, कारण ती तुम्हाला कुणी शिकवलेली नसेल. आठ वाजता दूध तापत ठेवा आणि तिथेच उभे राहा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, नाहीतर दूध उतू जाईल आणि शेगडी घासण्यात अर्धा तास जाईल. एक उकळी आली की आच मंद करून आणखी पाच-सात मिनिटे ढवळत ठेवा, त्याने दही घट्ट लागते. मग भांडे खाली उतरवून निवू द्या. करंगळी बुडवून सावकाश दहा आकडे मोजता आले, चटका बसला नाही आणि तरी ऊब जाणवली, की दूध विरजायला तयार झाले. अर्ध्या लिटरला लहान चमचाभर विरजण पुरते. अधिक घातल्याने दही लवकर लागते, पण आंबट होते. विरजण आधी वाटीत थोड्या दुधात कालवून घ्या, मग भांड्यात सोडा, एकदा ढवळा, झाका, आणि त्यानंतर त्याला हात लावू नका. दुधातल्या साखरेचे आम्ल करण्याचे काम विरजणातले जंतू करतात, त्यांना हलवाहलव खपत नाही. थंडीत यासाठी रात्र पुरत नाही. या दिवसांत मात्र बडोद्याच्या हवेत पाच तासांत दही लागते आणि नंतर तासागणिक आंबट होत जाते, म्हणून विरजण झोपायच्या अगदी आधी लावा आणि पहाटे जाग आली की पहिले काम म्हणून भांडे फ्रीजमध्ये सरकवा. त्यासाठी तो चालू हवा.

दूध तापून निवेपर्यंत तास-दीड तास जातो. त्या वेळात काय करायचे, हे विचारलेत तर सांगते, की एकट्यापुरता भात टाका आणि पुस्तक वाचा. पुस्तकांना पैसे लागतात असे म्हणू नका. तुमच्या घरापासून मांडवी लांब नाही. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालये उभी केली, त्यांतले मध्यवर्ती ग्रंथालय तिथे आजही उभे आहे आणि त्यात मराठी पुस्तके आहेत. लोखंडी मांडण्यांच्या मधल्या फरश्या तिथे काचेच्या आहेत, म्हणजे उजेड खालच्या मजल्यापर्यंत पोचतो. एका शनिवारी जा, नाव नोंदवा, एक जाड कादंबरी आणा. दूध निवेपर्यंत वीस पाने होतात.

बाकीच्या संध्याकाळींविषयी मला फारसे सांगायचे नाही. पहिले दोन-तीन दिवस दही चिकट किंवा पातळ होईल, त्याची कढी करा. बेसन, आले, हिरवी मिरची आणि वर फोडणी, इतकीच ती असते. चौथ्या-पाचव्या दिवशी सुरी लावली तर कापले जाईल असे दही लागेल. अर्धा लिटर दही एकट्याला रोज जास्त होते, हेही तुमच्या लक्षात येईल, आणि ते तसे यावे म्हणूनच मी पाव लिटर लिहिलेले नाही. शेजारणीची वाटी अजून तुमच्याकडे पडलेली आहे. ती घासून, तीत आपल्या हातचे दही घालून परत द्या, कारण आपल्याकडे कुणाचे भांडे रिकामे परत जात नाही. पुण्याहून मुलगी सुटीत येईल तेव्हा तिला सांगू नका. ती आपल्या सवयीने फ्रीज उघडील.

ऑगस्टच्या सुरुवातीला तुमचे पुढचे बिल येईल. त्यावरचे युनिट मला कळवा. साठाच्या खाली असतील तर या सदरात दुसरे पत्र पाठवू नका.

– तुमची ताई