मुलगा कॉलेजला बाहेरगावी जातोय, घर आत्तापासूनच खायला उठतंय. शिडाची होडी शिकून मन रमेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सेकंड पीयूसी, म्हणजे बारावी, झाली, मुलगा ऑगस्टमध्ये पुण्याला इंजिनिअरिंगला जाणार, तुम्ही बेळगावातच, पन्नाशीला आलाय, पोहणं बेताचं, आणि गोव्यात दोना पावलाला शिडाच्या होड्या बघितल्यापासून ते डोक्यातून जात नाहीये. शिकता येईल का आणि मन रमेल का. दोन्हीला होय. मी पण बेळगावचीच, टिळकवाडीतली, मुलगी बेंगळूरला गेली तेव्हापासून मी हे करतेय.

मन का रमतं ते आधी सांगते, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. मुलं गेल्यावर हात रिकामे पडतात आणि फोन हाताशी असतो. पोचला का, जेवला का, मेसेज वाचलाय तर उत्तर का देत नाही, दिवसभर तेच चालू. होडीत फोन नेत नाहीत, किनाऱ्यावर बॅगेत ठेवायचा, मग एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्या हातात शिडाची दोरी आणि नजर शिडावर. घरी टीव्ही लावला, स्तोत्र लावलं तरी माझं मन मुलीच्या हॉस्टेलवरच जायचं, पाण्यात ते जात नाही कारण काम सुटतच नाही हातातनं.

म्हणजे बघा, शिडाला दोन्ही बाजूंनी लोकरीचे छोटे धागे चिकटवलेले असतात. वारा शिडावरून नीट वाहतोय तोपर्यंत दोन्ही धागे सरळ मागे उडतात. तुमच्या बाजूचा, म्हणजे वाऱ्याकडचा, फडफडायला लागला तर दोरी जरा ओढायची, पलीकडचा फडफडला तर जरा सोडायची, बस्स एवढंच, पण वारा सारखा बदलतो त्यामुळे ओढ-सोड थांबतच नाही, तास कुठे गेला कळत नाही. वाऱ्याच्या थेट समोर होडी जातच नाही, साधारण 45 अंशात तिरकी जाते, म्हणून समोर जायचं तर एकदा डावीकडे एकदा उजवीकडे असं नागमोडी जायचं, आणि वळताना शिडाखालचा आडवा दांडा, त्याला बूम म्हणतात, तो डोक्यावरून पलीकडे जातो, तेव्हा वाकायचं विसरायचं नाही हं.

भीती वाटली तर दोरी सोडून द्या. खरंच, तेवढंच. शीड नुसतं फडफडत राहतं, वारा धरत नाही आणि होडी मंदावते. मला पहिल्या दिवशी हे शिकवलं आणि निम्मी धास्ती तिथेच गेली. लहान होडी उलटली तरी बुडत नाही, होडीच्या तळाखाली पाण्यात एक फळी असते, उलटल्यावर ती वर येते, तिच्यावर वजन टाकून होडी सरळ करतात, आणि ते मुद्दाम उलटवून शिकवतात. लाइफ जॅकेट असतंच, तरी पोहणं पक्कं करा, पाण्याची भीती असेल तर मजा येत नाही.

आता अडचण कुठे आहे तर वेळेत. मुलं जातात ती जुलै-ऑगस्टला, आणि नेमकं तेव्हाच समुद्र बंद असतो, पावसाळ्यात जून ते सप्टेंबर कुणी शिकवत नाही. सगळ्यात जड महिने तेच आणि होडी नाही, म्हणून ते महिने मोकळे सोडू नका. रोज पोहायला जा आणि घरी बसून गाठी शिका, बोलाइन (न सरकणाऱ्या फासाची गाठ) आणि आठाची गाठ, सुती दोरी घ्या आणि खिडकीच्या गजाला बांधत बसा, न बघता बांधता आली पाहिजे. मी रात्री जेवण झाल्यावर, म्हणजे मुलीच्या फोनची वाट बघायच्या वेळेलाच, हे करत होते, फार उपयोग झाला.

शिकायला पणजीजवळ करंझाळेला केंद्र सरकारची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर स्पोर्ट्स आहे, दोना पावलाला गोवा यॉटिंग असोसिएशन आहे, बॅच कधी ते आधी फोन करून विचारा. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट करत पणजी तीन-साडेतीन तास धरा. सकाळचा वारा बहुतेक मंद असतो, दुपारनंतर खारा वारा जोर धरतो, म्हणून नवीन असताना सकाळचीच वेळ मागा आणि आदल्या दिवशीच मुक्कामाला जा, घाट उतरून थेट पाण्यात उतरू नका.

आणि हे आपलं काम नाही, आपण घाटावरची माणसं, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. म्हादई आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावते, पुढे मांडवी होते. तिच्याच नावाची नौदलाची ‘म्हादेई’ ही शिडाची बोट दिवाडी बेटावर बांधली, आणि दिलीप दोंदे 2009-10 मध्ये तिच्यावरून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे पहिले भारतीय. 2017-18 मध्ये ‘तारिणी’वरून नौदलाच्या सहा बायका गोव्यातनंच निघून जगाला फेरी मारून परत आल्या. आपल्याला तर फक्त खाडीत फिरायचंय की!

मिस्टर येत नाहीत म्हणून अडलंय असं लिहिलंय तुम्ही. अडू देऊ नका. दसरा झाला की आम्ही दोघी-तिघी शनिवारी दुपारी निघतो, रविवारी रात्री परत. गाडीत एक सीट असते, यायचं असेल तर सांगा. मुलाला मात्र आधीच सांगून ठेवा की रविवारी सकाळी आईचा फोन लागणार नाही.