बी.एड. की डी.एल.एड.? धारणीच्या कोरकू मुलीला उत्तर

मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या बारावी आर्ट्सच्या एका मुलीचं पत्र आलंय. घरी कोरकू ही आदिवासी भाषा बोलतात, पहिली-दुसरीत बाई काय बोलतायत तेच कळायचं नाही म्हणून ती मागे गप्प बसून राहायची, आता तिला लहान मुलांची बाई व्हायचंय पण काका म्हणतात बी.ए. बी.एड. कर आणि मैत्रिणी म्हणतात कोरकूचं कुठे बोलू नको, लोक हसतील.

अगं, आधी काकांचं बघू. लहान मुलांनाच शिकवायचं असेल तर बारावीनंतरचं दोन वर्षांचं डी.एल.एड. कर, जुनी माणसं डी.एड. म्हणतात तेच. पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2023 मधे स्पष्ट केलंय. त्यानंतर टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा पेपर 1, मग टेट (TAIT) ही वेगळी अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. बी.ए. नंतर मुक्त विद्यापीठातून करता येईल, ते कुठे पळून जात नाही. हॉस्टेलचं, आणि हॉस्टेल न मिळालेल्या आदिवासी मुलांना खर्चाला पैसे देणाऱ्या स्वयम् योजनेचं, धारणीच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात विचार.

आता कोरकूचं, आणि हे नीट वाच. कोरकू म्हणजे बिघडलेली मराठी नाही गं, ती मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीच्या नात्यातली वेगळी भाषा आहे, म्हणजे सहा वर्षांचं पोर शाळेत येतं तेव्हा त्याला अक्षरं पण नवी आणि भाषा पण नवी, दोन्ही एकदम, आणि मग ते गप्प बसलं की आपण म्हणतो मूल कच्चं आहे. पाण्याचं चित्र दाखवलं तर ते 'डा' म्हणणार, बाईंना वाटणार चुकलं. तू तिथे असशील तर त्याच 'डा' वरून ड शिकवशील, डमरू त्याने बघितलाय कुठे! मग पुढे हळूच 'पाणी' जोडायचं. शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा असं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे, 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरण तर निदान पाचवीपर्यंत म्हणतं, पण वर्गात हे करणार कोण, ज्याला कोरकू येतं तोच ना? मला तर वाटतं मेळघाटातल्या पहिलीच्या वर्गाला तुझ्यासारखीच बाई पाहिजे, म्हणून अजिबात लपवू नकोस.

सुट्टीत आजीकडून गोष्टी, गाणी ऐकून देवनागरीत वहीत उतरव, शेजारी मराठी. पुढे सराव पाठाला हीच वही कामी येईल. आणि जात वैधतेची फाईल लांबवू नका, आजोबांच्या शाळेचा दाखला मिळतो का ते बाबांना याच आठवड्यात बघायला सांग.