अल्पदृष्टी असलेल्या मुलीला स्वतःची गरज मांडायला कसे शिकवावे?

आठवीतील आपली मुलगी फळ्यावरचे दिसत नसतानाही गप्प बसते, असे आपण लिहिले आहे. शिक्षकांशी तिच्या वतीने बोलण्याआधी, स्वतःला काय दिसते आणि काय दिसत नाही हे तिच्याच शब्दांत सांगण्याचा सराव घरी करून घ्यावा; ‘मला पहिल्या बाकावर बसू द्या, प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरांत द्या’ एवढे तिने न अडखळता म्हटले, तरी ती मोठी सुरुवात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम १७ मध्ये परीक्षेतील जादा वेळ आणि लेखनिक (विद्यार्थ्याने सांगितलेली उत्तरे लिहिणारी व्यक्ती) यांचा स्पष्ट उल्लेख असल्याने ती उपकार नव्हे, हक्क मागते आहे, हे तिला कलम वाचून दाखवून सांगावे. या सोयींसाठीचा अर्जही तिनेच लिहावा. तिच्यासमोर कोणी ‘बिचारी’ म्हटले, तर त्याला तिथेच शांतपणे थांबवावे. माझ्या मते हे सर्वांत निकडीचे आहे.