सहावी ते आठवीच्या शिक्षकांनी अध्यापनाविषयी एकमेकांशी कुठे आणि कसे बोलावे?

आपण विचारले आहे की, जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या एकट्या विषय शिक्षिकेने आपल्या अडचणी कोणापुढे मांडाव्यात, आणि मोबाइलवरील आठ-नऊ शिक्षक गटांत असूनही तिथे शिकवण्यावर चर्चा का होत नाही. सहावीतील निम्मी मुले −७ ही संख्या −३ पेक्षा मोठी मानतात, हे आपण गटावर लिहिले आणि त्याला फक्त तीन अंगठे मिळाले, असेही आपण नमूद केले आहे. मी एकोणीस वर्षे याच वर्गांना शिकवतो आहे. चर्चा का होत नाही ते आधी सांगतो, कारण ते ध्यानात न घेता नवा गट काढला तर दोन महिन्यांत त्याचेही तेच होते.

पहिले कारण आपल्या शाळांच्या रचनेत आहे. आपल्या राज्यात पूर्वापार पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी विभागणी चालत आली. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक टप्पा ठरला. पण कित्येक गावांत आजही सातवीपर्यंतची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत असतात आणि आठवीला शेजारच्या गावातील हायस्कूलमध्ये जातात. त्यामुळे बीजगणिताची पायाभरणी करणारा शिक्षक आणि त्या पायावर बांधकाम करणारा शिक्षक एकमेकांना ओळखतही नाहीत. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाच्या, शिक्षण परिषदेत बहुतेक वेळ पहिली-दुसरीच्या वाचन-लेखनात जातो (तो जायलाच हवा, त्याबद्दल तक्रार नाही), तर हायस्कूलच्या विषय शिक्षकांची मंडळे मुख्यतः दहावीच्या प्रश्नपत्रिकेभोवती फिरतात. मधले वर्ग दोन्हीकडे मधलेच राहतात. त्यात भर म्हणजे, सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक असावा, अशी कायद्याची अट आहे. लहान शाळेत ही किमान संख्याच कमाल ठरते, आणि मग आपल्या विषयाचा दुसरा माणूस त्या इमारतीत सापडत नाही.

दुसरे कारण गटांच्या उगमात आहे. आपण ज्या गटांत आहात, त्यांतील बहुतेक गट माहिती मागवण्यासाठी निघालेले असणार. सायंकाळी पाचपर्यंत लिंक भरा, पोषण आहाराची आकडेवारी पाठवा, अमुक परिपत्रक पाहा, आणि मधूनमधून वाढदिवस. अशा गटात केंद्रप्रमुख असतात, कधी विस्तार अधिकारीही असतात. ते कितीही भले असले, तरी ज्यांच्याकडून आपल्या कामाची तपासणी होते त्यांच्यासमोर “मला दशांश अपूर्णांक नीट शिकवता आले नाहीत” असे कोण लिहील? तिथे सजवलेल्या भिंतीचा फोटो टाकणे सुरक्षित असते. म्हणून अभिनंदनांचा पाऊस पडतो आणि अडचण घरी घेऊन जावी लागते.

शिक्षकांची अशी देवाणघेवाण मोठ्या प्रमाणावर घडल्याचे मला माहीत असलेले सर्वांत ठोस उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशातील आहे, आणि ते नेमके सहावी ते आठवीचेच आहे. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील (आताचे नर्मदापुरम) १६ माध्यमिक (तिकडे सहावी ते आठवीच्या) शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे त्याची धुरा घेतली. प्रयोगांवर आधारलेली पुस्तके आणि पुस्तक उघडून देण्याची परीक्षा यांमुळे तो कार्यक्रम गाजला. पण मला त्यातील शिक्षकांच्या मासिक बैठका अधिक महत्त्वाच्या वाटतात. आसपासच्या शाळांचे विज्ञान शिक्षक दरमहा एकत्र बसत, कोणता प्रयोग वर्गात फसला आणि मुलांनी काय विचारले ते मांडत, आणि हे अनुभव पाठ्यपुस्तकांच्या सुधारणेपर्यंत पोहोचत. २००२ मध्ये राज्य शासनाने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे मात्र साध्या सरकारी शाळांतील शिक्षक आपल्या फसलेल्या तासांविषयी मोकळेपणे बोलत होते, तेही मोबाइल नसताना. एकलव्यच्या हिंदी ‘संदर्भ’पासून प्रेरणा घेतलेले ‘शैक्षणिक संदर्भ’ हे मराठी द्वैमासिक आपल्या पाहण्यात नसेल, तर त्याचे जुने अंक जरूर मिळवावेत.

आमचा स्वतःचा गट २०२० च्या टाळेबंदीत सुरू झाला. प्रारंभी सहा जण होतो, आता नऊ आहोत. त्यांपैकी दोघे हायस्कूलमध्ये आठवीला शिकवतात आणि त्यांना आग्रहाने बोलावल्याचा लाभ सर्वांत जास्त झाला. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यानंतर, दुपारी चार वाजता, पंधरा दिवसांतून एकदा आम्ही तासभर ऑनलाइन बसतो. नियम एकच आहे: ज्याची पाळी असेल त्याने मुलाच्या वहीचे एक पान, नाव झाकून, आदल्या दिवशी पाठवायचे, आणि चर्चा त्या पानापुरती ठेवायची.

एक उदाहरण देतो. माझ्या सहावीतील एका मुलीने ०.३५ ही संख्या ०.५ पेक्षा मोठी ठरवली होती. पस्तीस पाचापेक्षा मोठे, म्हणून असे झाले, हे मला दिसत होते, आणि मी तीनदा नियम सांगूनही उत्तर बदलत नव्हते. बैठकीत एका शिक्षिकेने विचारले, “सर, आपण दशांश कशावरून शिकवला?” मी म्हणालो, रुपये-पैशांवरून. तेव्हा उलगडा झाला. पाच रुपये पस्तीस पैसे म्हणजे ५.३५ असे शिकलेल्या मुलीसाठी ते चिन्ह रुपये आणि पैसे वेगळे करणारी रेघ होती; तिच्या लेखी ०.५ म्हणजे पाच पैसे आणि ०.३५ म्हणजे पस्तीस पैसे. तिचा तर्क अगदी चोख होता आणि चूक माझ्या उदाहरणात होती, कारण पैसे नेहमी दोन अंकांत लिहिले जातात. आठवीला शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनी त्यावर सांगितले की हीच समजूत घेऊन काही मुले त्यांच्यापर्यंत पोहोचतात, आणि ते आजवर तिला निष्काळजीपणा समजत होते. पुढच्या आठवड्यात मी शंभर चौकटींचा कागद घेतला, ०.५ साठी पन्नास आणि ०.३५ साठी पस्तीस चौकटी रंगवायला लावल्या, आणि ‘शून्य दशांश चिन्ह पस्तीस’ असे वाचणे बंद करून ‘तीन पाच’ असे वाचायला सांगितले. बहुतेक मुलांचे काम झाले. चौघांचे झाले नाही, ते पान पुन्हा बैठकीत गेले.

आपल्याला गट काढायचा असेल, तर येत्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी दोन-तीन जणांना गाठावे. जाहीर आवाहन करू नये, कारण त्याला शंभर जण होकार देतात आणि कोणीच येत नाही. दहापेक्षा जास्त माणसे घेऊ नयेत, ज्यांना आपल्या कामाचा अहवाल द्यावा लागतो अशा कोणालाही घेऊ नये, आणि इकडून तिकडे फिरणाऱ्या (फॉरवर्ड) संदेशांना पूर्ण बंदी ठेवावी. या बैठकांचे प्रमाणपत्र कोणी देणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये शिक्षकांसाठी वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे; आमचे तास त्यात आजवर कोणी धरलेले नाहीत. बदल्यांचे भय मात्र बाळगू नये, आमच्यातील तिघांची बदली झाली तरी शनिवार चुकलेला नाही.

−७ आणि −३ चे ते पान आपल्याकडे आधीच आहे. दोन-तीन मुलांना “हे मोठे का वाटले?” एवढेच विचारून, त्यांनी दिलेले कारण त्यांच्याच शब्दांत उत्तराशेजारी लिहून घ्यावे, आणि पहिल्या बैठकीला तेच पान न्यावे.