परदेशी निघण्यापूर्वी घर रिकामे करताना

चार महिन्यांनी तुम्हांला परदेशी कायमचे राहायला जायचे आहे, घर वर्षानुवर्षांच्या सामानाने भरलेले आहे आणि या निमित्ताने मोजक्या वस्तूंत राहण्याची सवयही लावून घ्यायची आहे. तेव्हा सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचारले आहे. मी स्वतः देश सोडून दुसरीकडे संसार मांडलेली असल्यामुळे अगदी कळकळीने सांगते, की किती वस्तू उरल्या हे मोजत बसू नका, कोणत्या वस्तूचा निर्णय अजून झालेला नाही ते पाहा. आपण घरात असतो तोवर माळ्यावरच्या न उघडलेल्या खोक्याचा त्रास आपल्यापुरताच असतो. आपण निघून गेल्यावर मात्र ते भिजत घोंगडे आईवडिलांच्या किंवा भावंडांच्या गळ्यात पडते, आणि आपली वस्तू टाकून देण्याचा अधिकार त्यांना वाटत नसल्याने ते ती निमूटपणे सांभाळत राहतात.

पहिल्या आठवड्यात दुसऱ्यांच्या वस्तू परत करा. वाचायला आणलेली पुस्तके, कोणी ठेवायला दिलेल्या पिशव्या, मागून आणलेली हत्यारे यांबद्दल मनाची ओढाताण होत नाही आणि जागा लगेच मोकळी होते.

त्यानंतर कागदपत्रे घ्या, कारण यांना सर्वांत जास्त वेळ लागतो. जन्माचा दाखला, विवाह प्रमाणपत्र, पदव्या, लसीकरणाच्या नोंदी यांच्या मूळ प्रती विमानात आपल्याजवळच्या बॅगेतच ठेवाव्यात. १९६१ च्या हेग करारात सामील असलेल्या देशांमध्ये सरकारी कागद ग्राह्य धरला जाण्यासाठी त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागदावरची सही आणि शिक्का खरा असल्याचे प्रमाणपत्र, लावून घ्यावे लागते, आणि ते ज्या देशाने कागद दिला त्याच देशाकडून मिळते. म्हणून हे काम निघण्यापूर्वीच उरकलेले बरे. जुनी बिले, मुदत संपलेल्या पॉलिसी, बँकांची पत्रे यांपैकी ज्यांची मूळ प्रत पुढे लागणार नाही याची खात्री आहे, ती ३०० डीपीआयवर (स्कॅनची स्पष्टता, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवा आणि मग कागद फाडून रद्दीत द्या. नुसता गठ्ठा बांधून कपाटात ठेवणे म्हणजे आवरणे नव्हे.

विजेच्या उपकरणांचा निर्णय त्यांच्या मागची चिठ्ठी वाचून होतो. लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असे छापलेले असेल, तर प्लगचा अडॅप्टर पुरतो. इस्त्री किंवा मिक्सरवर २३० असा एकच आकडा असेल आणि तुम्ही १२० व्होल्टच्या देशात निघाला असाल, तर ती वस्तू इथेच कोणाला तरी द्या. तिच्यासाठी लागणारा ट्रान्सफॉर्मर वजनदार आणि महाग असतो.

सामान कुरिअरने पाठवायचे असल्यास आकारमान आधी मोजा. पुष्कळ कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला ५००० ने भागतात, आणि हे उत्तर प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त आले तर त्यानुसार पैसे आकारतात. ६० बाय ५० बाय ४० चे खोके उशांनी भरले तर ते हातात हलके लागते, पण हिशेबात २४ किलोचे ठरते. अशा वेळी नाकापेक्षा मोती जड होतो. पुस्तकांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे, ती जागा थोडी घेतात पण वजनात भारी पडतात, म्हणून पुन्हा वाचणार आहात तेवढीच घ्या.

निघण्याच्या गडबडीत होणारी नवी खरेदी ही या सगळ्या कामाची खरी शत्रू आहे. जवळचे लोकही प्रेमाने भर घालतात; त्यांना आधीच स्पष्ट सांगून ठेवा. यात पैशाचाही भाग आहे: युरोपीय संघात राहायला येणाऱ्यांना घरगुती सामानावर सीमाशुल्काची जी सवलत मिळते, तिच्यासाठी साधारणपणे ते सामान आधीचे किमान ६ महिने स्वतःच्या वापरात असावे लागते. इतर देशांचे नियम वेगळे आहेत, ते त्या देशाच्या सीमाशुल्क विभागाकडून पाहून घ्या.

आठवणींच्या वस्तू शेवटी घ्या, परंतु अगदी शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो हलक्या हाताने सोडवा, कारण त्या गोंदाने ते पिवळे पडतात. जो निघत नाही तो ओढू नका, पानासकट त्याचा फोटो काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून कोण कोण आहे ते विचारा आणि कागदी फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहा. शाई पुढच्या बाजूला उमटू शकते. नावे ठाऊक नसलेला शंभर फोटोंचा ढीग पुढच्या पिढीला काहीच सांगत नाही, तर नावानिशी ठेवलेले दहा फोटो घराण्याचा इतिहास सांगतात. यासाठी लागेल तेवढा वेळ द्या.

एवढे करूनही काही सामान मागे ठेवावेच लागले, तर ते एका खोक्यात मावेल एवढेच असू द्या. आत काय आहे त्याची यादी झाकणावर चिकटवा, कोणत्या तारखेपर्यंत सांभाळायचे ते लिहा, आणि त्या तारखेनंतर न विचारता देऊन टाकण्याची परवानगी त्याच कागदावर सहीनिशी द्या. ज्यांच्या घरी खोका राहणार आहे त्यांच्यासमोर ती यादी एकदा वाचून दाखवा. एखादी वस्तू ठेवणे त्यांना जड वाटत असेल, तर तिची सोय लावायला तुम्ही अजून तिथेच असाल.