‘काषाय’ म्हणजे नेमका कोणता रंग?

पुण्यातील एका वाचकाचा प्रश्न असा आहे : वनस्पतीजन्य रंगांत रंगवलेल्या कापडांच्या प्रदर्शनात एका तपकिरी उपरण्याखाली ‘काषाय’ असे लिहिले होते. काषाय म्हणजे भगवा ना? आणि वैद्य तुरट चवीला ‘कषाय’ म्हणतात, त्याच्याशी या शब्दाचे काही नाते आहे का?

नाते आहे, आणि ते थेट आहे. ‘कषाय’ म्हणजे तुरट रस, तसाच साल, मूळ, पाने उकळून काढलेला काढाही. अशा काढ्यात रंगवलेले वस्त्र ते ‘काषाय’. यासाठी पाणिनीचे स्वतंत्र सूत्रच आहे : ‘तेन रक्तं रागात्’ (4.2.1). यातील ‘राग’ म्हणजे रंगद्रव्य आणि ‘रक्त’ म्हणजे रंगवलेले. आजच्या मराठीतील अर्थ मनात धरून वाचल्यास सूत्र भलतेच हिंसक वाटेल. मंजिष्ठेने, म्हणजे लाल रंग देणाऱ्या एका वेलीच्या मुळाने, रंगवलेले ते मांजिष्ठ, कुसुंभाने रंगवलेले ते कौसुंभ, त्याच नियमाने काषाय. म्हणजे हा शब्द मुळात छटा सांगत नाही, ती छटा कशातून आली ते सांगतो.

चव आणि रंग एकत्र येण्याचे कारण टॅनिन हे वनस्पतींतील तुरट द्रव्य. हिरडा, बाभळीची साल, डाळिंबाची साल यांत ते भरपूर असते. लाळेतील प्रथिनांना ते चिकटते म्हणून जीभ आखडते, आणि धाग्याला चिकटते म्हणून त्याचा रंगकामात उपयोग होतो. सुती धागा तुरटीला नीट धरून ठेवत नाही. त्यामुळे कलमकारीचे कारागीर कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात, मग त्यावर तुरटी लावलेल्या जागा मंजिष्ठेसारख्या रंगात लाल होतात आणि गंजलेले लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून केलेले द्रावण लावलेल्या जागा काळ्या पडतात. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो तो लोखंड आणि टॅनिन यांच्या याच क्रियेने. ‘तुरट’ आणि ‘तुरटी’ यांचे नाते तर उघडच आहे. अमरकोशात ‘तुवरस्तु कषायः’ म्हणून जो ‘तुवर’ येतो, तो या ‘तुरट’चा पूर्वज.

आता भगव्याविषयी. विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, भिक्षू आपली चीवरे (वस्त्रे) शेणाने आणि पिवळट मातीने रंगवीत, तो रंग वाईट येई, म्हणून बुद्धांनी मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ अशा सहा प्रकारच्या रंगांना परवानगी दिली, असा उल्लेख आहे. इतक्या निरनिराळ्या वस्तूंतून एकच छटा येणे शक्यच नाही. पिवळसर तपकिरीपासून तांबूसपर्यंत सारे काही त्यात बसते. संन्याशाच्या वस्त्राशी जोडला गेल्यावर शब्दाचा अर्थ गेरूच्या रंगाकडे सरकला आणि तो अर्थही आता रूढ आहे, त्याला चूक म्हणता येणार नाही. मात्र गेरू ही माती. ती धाग्यावर बसते, सालीच्या काढ्याप्रमाणे त्यात मुरत नाही.

तेव्हा उपरण्याखालील शब्द, ते सालीच्या काढ्यात रंगवलेले असेल तर, भगव्यापेक्षाही अधिक काटेकोर आहे. तुरटीसारख्या, रंग पक्का करणाऱ्या द्रव्याला मात्र ‘कषाय’ म्हणू नये. त्यासाठी ‘रंगबंधक’ हा शब्द आहे. अशाच पाट्यांवर कोणत्याही गडद तांबड्याला ‘कुसुंबी’ म्हटलेले दिसते, तेही टाळावे, कारण कुसुंभ म्हणजे आपली करडई, आणि मंजिष्ठेच्या लालाला तिचे नाव देण्याचे कारण नाही.