वाचकांचे प्रश्न : मापात राहणारी प्रतिकृती

मागील अंकात पुण्यातील आमच्या लहानशा मॉडेल क्लबच्या कामाविषयी लिहिल्यानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. ज्यांची उत्तरे इतर गावांतील हौशी मंडळींनाही उपयोगी पडतील अशी पाच पत्रे येथे घेतली आहेत. जागेअभावी पत्रांतील मजकूर थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : आम्ही बार्शीतील सहा जण, म्हणजे दोन निवृत्त शिक्षक, एक सुतारकाम करणारे गृहस्थ आणि तीन महाविद्यालयीन विद्यार्थी, मिळून मॉडेल क्लब सुरू करीत आहोत. पहिले सामूहिक काम म्हणून आमच्या गावची जुनी छोटी रेल्वे करावी असा विचार आहे. परंतु तिचे तयार किट कोठेच मिळाले नाही. नवख्यांनी असे काम हाती घ्यावे काय? – एक वाचक, बार्शी

उत्तर : अवश्य घ्यावे. किट मिळत नाही ही अडचण आहे खरी, पण माझ्या मते तीच आपल्या मंडळाची जमेची बाजू ठरेल. किट घरी एकट्यानेही जोडता येते. जे किटमध्ये मिळत नाही त्यासाठी मोजणारा, लाकूड कापणारा आणि जुनी छायाचित्रे गोळा करणारा अशी निरनिराळी माणसे लागतात, आणि ती आपल्याकडे आहेत.

प्रथम प्रमाण ठरवा. बार्शी लाइट रेल्वेचे गेज (दोन रुळांमधील अंतर) अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते. १:८७ हे एचओ नावाने ओळखले जाणारे प्रमाण घेतले, तर ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६ मिलिमीटर येतात. आणि एन गेज या आणखी लहान मॉडेल-मापाचे ९ मिलिमीटर रुंदीचे तयार रूळ बाजारात मिळतात. फरक पाव मिलिमीटरचाही नाही. भारतीय ब्रॉडगेजची प्रतिकृती करणाऱ्यांच्या नशिबी हे सुख नसते. १,६७६ मिलिमीटरचे १:८७ मध्ये सव्वाएकोणीस मिलिमीटर होतात, परंतु एचओचा तयार रूळ युरोप-अमेरिकेच्या गेजवर बेतलेला, साडेसोळा मिलिमीटरचाच असतो. त्यामुळे आपल्या मेल-एक्स्प्रेस अरुंद रुळांवर उभ्या कराव्या लागतात आणि जाणकाराच्या डोळ्यांना ते सतत खटकत राहते. बार्शीची गाडी मात्र मापात बसते.

रुळांच्या उंचीकडेही लक्ष द्यावे, कारण या रेल्वेचे मर्म तेथेच आहे. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा मार्ग सुरू झाला, तेव्हा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी असा दंडक घातला होता की, इंजिन असो वा वाघीण (मालडबा), चाकांच्या कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार येता कामा नये. वजन असे सारखे विभागले गेल्यामुळे दर यार्ड लांबीला अवघ्या ३० पौंड वजनाचा हलका रूळ पुरेसा ठरला. लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेल्या पहिल्या इंजिनांना एकमेकांना जोडलेली आठ चाके आणि मागे चार चाकांची बोगी असण्याचे कारणही हेच. एन गेजचा नेहमीचा रूळ सुमारे दोन मिलिमीटर उंच असतो. १:८७ मध्ये त्याचे सव्वासतरा-साडेसतरा सेंटिमीटर होतात, म्हणजे आजच्या मुख्य मार्गावरील दर मीटरला साठ किलोच्या रुळाइतके. बार्शीचा रूळ त्याच्या निम्म्याहूनही कमी उंचीचा होता. म्हणून ‘कोड ५५’ हा त्यातल्या त्यात बुटका रूळ मागवावा. तोही थोडा उंचच भरेल. पण खडी आणि माती जरा वरपर्यंत भरली की नजरेला हलका दिसतो.

आता जागेचा प्रश्न. कुर्डुवाडी ते बार्शी हे सुमारे ३५ किलोमीटरचे अंतर १:८७ मध्येही ४०० मीटर होते. तेव्हा संपूर्ण मार्गाचा हट्ट सोडून एक स्थानक, एक पूल आणि माळरानाचा एक तुकडा एवढेच निवडावे. ८ फूट बाय ४ फुटांच्या एका प्लायवुडमधून १२० बाय ६० सेंटिमीटरचे चार पाट निघतात. प्रत्येक पाटाची उंची, दोन्ही टोकांवरील रुळांची जागा आणि विजेच्या तारांच्या जोडण्या तंतोतंत सारख्या ठेवा, म्हणजे प्रत्येकाला आपापला पाट घरी करता येईल आणि प्रदर्शनाच्या दिवशी चारही एकमेकांना जोडता येतील. ही टोके जुळावीत म्हणून पहिल्याच आठवड्यात एक लाकडी साचा करून घ्यावा आणि प्रत्येक पाट त्यालाच लावून पाहावा. सुतारकाम जाणणाऱ्या गृहस्थांकडे ही जबाबदारी सोपवावी असे मी आग्रहाने सुचवीन. आमच्या क्लबने साचा न करता टेपने मोजून पाट केले होते आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री दोन पाटांच्या रुळांत तीन मिलिमीटरचा फरक निघाला. ती रात्र आम्ही करवत आणि पॉलिश पेपर घेऊन काढली.

मूळ आराखडे हाती नसतील, तर जुन्या छायाचित्रांतून माप काढता येते. इंजिन किंवा डबा समोरून दिसत असेल, तर रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर आहे हे आपल्याला ठाऊकच असते. छायाचित्रातील ते अंतर मोजून उरलेली मापे त्रैराशिकाने काढावीत. मात्र मोजायची वस्तू रुळांपासून मागे-पुढे असेल, तर हे गणित चुकते. इमारतीच्या बाबतीत विटांचे थर मोजावेत, आणि दोन मीटरच्या काठीवर दर दहा सेंटिमीटरला काळे-पांढरे पट्टे रंगवून ती भिंतीला टेकवून नवे छायाचित्र घ्यावे. रेल्वेच्या हद्दीत असे काही करण्यापूर्वी लेखी परवानगी मागा. आणखी एक दिशा सांगतो : कॅलथ्रॉप यांनीच इंग्लंडमध्ये याच गेजची लीक अँड मॅनिफोल्ड ही रेल्वे उभारली. ती १९०४ ते १९३४ एवढीच चालली, तरी तिकडच्या प्रतिकृतिकारांची ती लाडकी आहे. तिच्या प्रतिकृती पाहिल्यास आपल्या गाड्यांची ठेवण समजण्यास मदत होईल.

इंजिन सर्वांत शेवटी करावे. वाघिणी व स्थानकाची इमारत सनबोर्डात, प्लास्टिकच्या पत्र्यात सहज होतात. इंजिनाला चालविण्यासाठी बाजारातील तयार चेसिस (मोटार व चाकांसह खालचा सांगाडा) घ्यावी लागेल आणि तिची चाके मूळ इंजिनाशी जुळणार नाहीत. ही तडजोड लपवू नये. प्रतिकृतीशेजारच्या कार्डावर ती स्पष्ट लिहावी. आणि कामाला उशीर लावू नये. ही रेल्वे पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. आज तो सारा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. छोट्या गाडीतून पंढरीला गेलेली माणसे आपल्या गावात अजून आहेत. डब्याचा रंग कोणता होता, बाके कशी होती, हे त्यांना आजच विचारले पाहिजे.

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी आणि सोसायटीतील मुले दिवाळीत किल्ला करतात. यंदा तिला ‘खरा दिसणारा’ सिंहगड करायचा आहे. थर्माकोल आणावा काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : थर्माकोल आणू नका. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि या कामाला जाड खोक्यांचा पुठ्ठा त्याहून चांगला पडतो.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा असते. पाच पदरी खोक्याचा पुठ्ठा साधारण ५ मिलिमीटर जाड असतो. आता १:४,००० हे प्रमाण घ्या. त्यात २० मीटर म्हणजे बरोबर ५ मिलिमीटर, अर्थात एका रेषेला एक पुठ्ठा. नकाशा साडेबारा पट मोठा करून छापून घ्यावा, एकेक रेषा पुठ्ठ्यावर उतरवून कापावी आणि पांढऱ्या गोंदाने थरावर थर चिकटवावेत. सिंहगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३१२ मीटर आहे. ७०० मीटरच्या रेषेपासून आरंभ केल्यास तीस थरांत आणि पंधरा सेंटिमीटर उंचीत गड उभा राहील. वरून कागदाचा लगदा किंवा चाळलेली माती गोंदात कालवून लावली की पायऱ्या बुजतात. कात्रीने पाच पदरी पुठ्ठा कापत नाही. कटर लागेल आणि तो मोठ्या माणसाच्याच हाती असावा.

मुलांना एक गोष्ट आधी सांगून ठेवावी लागेल. या प्रमाणात माणूस अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान होतो, म्हणजे बाजारातले मावळे गडावर ठेवता येणार नाहीत. तीन इंची मावळा हा १:२२ च्या आसपासचा असतो. तो १:४,००० च्या तटावर उभा केला तर तीनशे मीटर उंच ठरेल! त्यावर आम्ही असा तोडगा काढला होता की, गडाशेजारी मावळ्यांच्याच मापाचा एकच बुरूज आणि दरवाजाचा तुकडा मातीत करायचा आणि मावळे तेथे बसवायचे. पाहणाऱ्यांची गर्दी दोन्हीकडे सारखीच झाली. अंगणातला विटा-मातीचा, हळीव पेरलेला किल्लाही जरूर करावा. तो खेळ निराळा आहे आणि त्याला मापाची सक्ती करण्याचे कारण नाही.

प्रश्न : विमाने आणि रणगाडे दोन्ही आवडतात. नवशिक्याने कोणत्या प्रमाणापासून सुरुवात करावी? – एक वाचक, नागपूर

उत्तर : विमानांसाठी १:७२. या प्रमाणात सहा फुटांचा एक इंच होतो. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत गाजलेले नॅट हे लढाऊ विमान यात जेमतेम बारा सेंटिमीटर लांब भरते, आणि मिग-२१ च्या पंखांचा विस्तार दहा सेंटिमीटरही होत नाही. त्यामुळे एका फळीवर हवाई दलाचा बराच इतिहास मावतो. बारीक काम करताना डोळ्यांना ताण पडत असेल, तर १:४८ घ्यावे. जहाजांत १:७०० सोयीचे. सुमारे २१३ मीटर लांबीची जुनी ‘विक्रांत’ त्यात एका फुटाची होते.

रणगाड्यांसाठी १:३५ रूढ आहे. हे विचित्र प्रमाण तामिया या जपानी कंपनीमुळे रूढ झाले; आपल्या पहिल्या रणगाड्यात मोटार आणि बॅटरी मावली पाहिजे, एवढ्याच हिशेबाने ते ठरले होते. रणगाडे करायचे असतील, तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयाला क्लबची सहल न्यावी. चिलखती दलाने १९९४ साली उभारलेल्या या संग्रहालयात ‘विजयंता’ आणि जिंकून आणलेला पॅटन जवळून पाहता येतात. ओतीव पोलादाचा खडबडीतपणा, वेल्डिंगच्या रेघा आणि चिखल कोठे साचतो हे किटच्या पुस्तिकेत कळत नाही.

प्रश्न : विमानाचे पारदर्शक छत चिकटवल्यावर आतून पांढरे पडले. शिवाय पावसाळ्यात रंगावर दुधाळ झाक येते. काय चुकते? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ पारदर्शक भागावर बसते आणि तो धुरकटतो. तेथे पांढरा गोंदच वापरावा. तो सुकल्यावर दिसत नाही. रंगाची झाक दमट हवेमुळे येते : थिनर वेगाने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतील ओल त्यावर बसते. कोकणात जून ते सप्टेंबर लॅकर रंग बाजूला ठेवून पाण्याचे ॲक्रिलिक रंग वापरावेत, किंवा ते महिने कापणे-घासणे यांसाठी राखावेत. थिनर वापरताना खिडकी उघडी हवी.

प्रश्न : आमच्या क्लबचे ज्येष्ठ सभासद नुकतेच वारले. त्यांच्या घरी साठ-सत्तर प्रतिकृती आहेत. घरच्यांना जागा नाही, पण टाकवतही नाहीत. आम्ही काय करावे? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या पत्राने मी फार अस्वस्थ झालो, कारण आमच्याकडेही हा प्रसंग येऊन गेला आहे. त्या वेळी आम्ही उशीर केला आणि निम्म्या प्रतिकृती गोणीत भरून माळ्यावर गेल्या. पुढे बाहेर काढल्या तेव्हा त्यांतील फारच थोड्या दुरुस्त होण्याजोग्या उरल्या होत्या.

म्हणून प्रथम घरच्यांच्या संमतीने प्रत्येक प्रतिकृती आहे त्या जागीच चारही बाजूंनी छायाचित्रित करावी. मग नोंदवही घालावी : काय आहे, प्रमाण कोणते, कोणत्या साली केली, किटमधून की स्वतः घडवून. त्यांच्या वह्या, कात्रणे आणि मापांचे कागद सापडले, तर ते प्रतिकृतींइतकेच जपावेत. पुढचा माणूस त्यावरूनच शिकतो. घरच्यांना हव्या असतील त्या दोन-चार त्यांना ॲक्रिलिकच्या पेटीत बसवून द्याव्यात, आणि हा खर्च क्लबने करावा. उरलेल्यांतील निवडक एखाद्या शाळेला देता येतील. परंतु बंद कपाट आणि ते उघडणारा एक जबाबदार शिक्षक आहे याची खात्री झाल्यावरच द्याव्यात, आणि प्रत्येकीखाली करणाऱ्याचे नाव असावे. अर्धवट राहिलेली जी प्रतिकृती त्यांच्या टेबलावर असेल, ती पुरी करण्याची घाई करू नका. पुरी करायचीच ठरली, तर त्यांचे काम कोठे संपले आणि तुमचे कोठून सुरू झाले, हे कार्डावर लिहा.

नेण्यासाठी खोक्यात कापूस घालू नये; त्याचे धागे ॲन्टेना व चाकांत अडकून तुटतात. खोक्याच्या तळाला फोम चिकटवून त्यात चाकांपुरत्या खाचा पाडाव्यात, पंख मोकळे राहू द्यावेत, आणि खोके गाडीच्या डिकीत न ठेवता मांडीवर घेऊन जावे.